चालता-बोलता घरी गेलेला रुग्ण

(विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकारी यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपणांसमोर संस्थेचा जमाखर्च मांडत असते. यंदाचे आकडे या अहवालाच्या मागील पानांवर छापलेले आहेत आणि लेखापरीक्षकांनी ते तपासलेले असल्यामुळे त्यांत मी तोंडी भर घालीत नाही. अध्यक्ष महोदयांच्या परवानगीने आज एका लहानशा कामाविषयी बोलावे, असे मी ठरवले आहे. या कामाला यंत्र लागत नाही. कागद, पेन्सिल, एक शांत खोली आणि त्या कामाचे शिक्षण घेतलेला माणूस, एवढ्यावर ते होते. ज्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या मेंदूतील रक्तवाहिन्या विकारग्रस्त झालेल्या आहेत, अशा रुग्णांचे लक्ष, स्मरण, भाषा आणि आखणी करण्याची शक्ती कितपत शाबूत आहे, हे पाहणारी ही प्राथमिक चाचणी होय. डॉक्टर मंडळी तिला कॉग्निटिव्ह स्क्रीनिंग म्हणतात. आम्ही कार्यालयात तिला नुसतेच 'चाळणी' म्हणतो.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. वैद्यकातले जे काही सांगेन, ते आमच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला वेळोवेळी समजावून दिलेले आहे. परंतु या विषयाकडे माझे लक्ष प्रथम गेले ते एका बिलामुळे, आणि बिल हा तर माझ्याच अखत्यारीतला विषय आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर सारी हयात दिवाणजी म्हणून घालवलेले एक गृहस्थ पक्षाघाताने आपल्याकडे दाखल झाले. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली होती. उपचार वेळेत मिळाले. सहाव्या दिवशी ते आपल्या पायांनी चालत माझ्या कार्यालयात आले, समोरच्या खुर्चीवर बसले, चष्मा लावून त्यांनी अंतिम बिल वाचले, आणि एका तपासणीची आकारणी दोनदा झालेली आहे, हे मला दाखवून दिले. चूक आमचीच होती. मी बिल दुरुस्त केले, त्यांची क्षमा मागितली, आणि ते गेल्यावर आमच्या लेखनिकाला म्हणाले की, मेंदूचा झटका येऊन गेलेला माणूस तुमच्यापेक्षा बारकाईने हिशेब पाहतो. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर प्रकृती समाधानकारक असल्याचा शेरा होता. माझेही तेच मत झाले होते.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा दाखल झाले. हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जात होते. रक्त पातळ ठेवणारी जी गोळी त्यांना दिली होती, ती एक दिवस पूर्ण आणि दुसऱ्या दिवशी अर्धी, अशी एकाआड एक घ्यावयाची होती. दिवाणजी रोज सकाळी पूर्ण आणि रोज रात्री अर्धी घेत होते. हिशेब केला तर बरोबर दुप्पट. आठ दिवसांनी रक्त तपासण्यास यावे, असेही कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहिले होते, तेही राहून गेले होते. मुलगा पुण्यास नोकरीला, तो दोन दिवस राहून परत गेलेला. घरात काकू होत्या, परंतु औषधे आणि कागदपत्रे हा दिवाणजींचा प्रांत, त्यात त्यांनी चाळीस वर्षांत कधी हात घातला नव्हता.

काकू माझ्याकडे आल्या त्या रागाने आल्या नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते चुकत नाहीत हो. पण हातात घेतलेलं काम पुरं होत नाही त्यांच्याकडून. चहा टाकतात आणि उभे राहतात. दूध उतू जातं तरी तिथंच उभे." ही गोष्ट त्यांनी पहिल्या दाखल्याच्या वेळी आम्हांस का सांगितली नाही, असे मी विचारले. त्यावर त्यांचे उत्तर असे की, कोणी विचारलेच नाही. हे उत्तर मी त्याच दिवशी वैद्यकीय संचालकांच्या कानावर घातले.

दिवाणजी सावरल्यावर दोन दिवसांच्या अंतराने त्यांच्या दोन चाचण्या घेण्यात आल्या. पहिली जुनी आणि सर्वत्र रुळलेली. अमेरिकेतील फोलस्टीन दांपत्याने पॉल मॅकह्यू यांच्यासह १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीस गुणांची ही चाचणी आज कोठला वार, कोठले गाव, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करीत जा, एवढ्यावर बरीचशी उभी आहे. दिवाणजींनी शंभरातून सात इतक्या झटपट वजा केले की परीक्षकांना मागे राहावे लागले. गुण आले २८. दुसरी चाचणी माँट्रियल येथे झियाद नसरुद्दीन यांनी तयार केलेली, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली, तीही तीस गुणांचीच. तिच्यात घड्याळाचे चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवावयाची असतात. दिवाणजींनी वर्तुळ काढले, बाराही आकडे ठाकठीक मांडले, आणि एक काटा अकरावर व दुसरा दहावर ठेवला. कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरे एकाआड एक जोडत जाण्याचा जो प्रश्न असतो, एक, मग अ, मग दोन, त्यात ते एक-दोन-तीन-चार असे सरळ आकड्यांवरूनच पुढे गेले. या चाचणीत गुण आले २१. शिक्षण कमी असणाऱ्यास एक गुण वाढवून देण्याची त्या चाचणीत सोय आहे, तो धरून एकवीस. मूळ मर्यादा सव्वीसची.

एकाआड एक जोडणे जमले नाही, आणि गोळी एकाआड एक घ्यावयाची होती. हे मी स्वतः त्या कागदावर पाहिले, तेव्हा वैद्यकाचे ज्ञान नसतानाही मला सारे उमगले. आम्ही ज्या गोष्टीसाठी त्यांच्यावर विसंबलो होतो, नेमकी तीच गोष्ट त्यांच्या हातून निसटली होती, आणि आमच्या हाती ती पाहण्याचे साधन असूनही कोणी पाहिले नव्हते. बिल तपासणे हे त्यांच्या हाडीमासी खिळलेले काम होते. त्यावरून बाकी सर्व ठीक आहे असा निष्कर्ष काढणारी मीही त्या चुकीत सामील आहे.

पक्षाघात म्हटला की वाकडे झालेले तोंड आणि लुळा पडलेला हात आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु मेंदूच्या खोल भागातून कपाळामागील भागाकडे जाणारे जे तंतू आहेत, त्यांना रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्या उच्च रक्तदाबाने आणि मधुमेहाने वर्षानुवर्षे झिजत असतात. तेथील इजेने पुष्कळदा ना हात लुळा पडतो, ना वाचा जाते. विचारांचा वेग मंदावतो. दोन व्यवधाने एकदम सांभाळता येत नाहीत. एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे जड जाते. जुन्या आठवणी शाबूत असतात, नव्या गोष्टीही जरा धागा हाती दिला की आठवतात. म्हणून घरच्या मंडळींना हा स्मृतिभ्रंश वाटतच नाही. आळस भरला, हेकट झाले, आता वयच झाले, असे म्हणून सोडून दिले जाते. कित्येकांना तर झटका आलेलाच आठवत नाही, आणि स्कॅनवर मात्र जुन्या लहान लहान झटक्यांच्या खुणा दिसतात.

हा विषय किती मोठा आहे, याची कल्पना यावी म्हणून एकच आकडेवारी सांगते. ऑक्सफर्ड येथील सारा पेंडलबरी आणि पीटर रॉथवेल यांनी २००९ मध्ये ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र करून जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार पहिला पक्षाघात होण्यापूर्वीच सुमारे दहा टक्के रुग्णांना स्मृतिभ्रंश होता, पहिल्या झटक्यानंतर लवकरच आणखी सुमारे दहा टक्क्यांना तो जडला, आणि ज्यांना पुन्हा झटका आला, त्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही वर गेले. ही गणना पूर्ण स्मृतिभ्रंशाची आहे. दिवाणजींसारखे, अर्धे अडलेले आणि अर्धे चालते असे रुग्ण यात धरलेलेच नाहीत. दुसरा झटका टाळण्यासाठी औषधे नियमित घेणे किती महत्त्वाचे, हे या आकड्यांवरून दिसतेच. आणि औषधे नियमित घेण्याची शक्तीच ज्याची गेली आहे, त्याला ती घ्या म्हणून नुसते बजावून काय उपयोग, हा प्रश्नही त्यातच आला.

आता चाळणी म्हणजे काय आणि काय नव्हे, ते सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण गुणांचा कागद हाती पडला की कुटुंबीयांचा धीर सुटतो. आम्हां वाणिज्यवाल्यांना पहिल्या वर्षातच शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहेत असे सिद्ध होत नाही. एखादी नोंद मुळातच राहिली असेल, किंवा एक चूक दुसरीने भरून निघाली असेल, तरीही तेरीज जुळते. आणि तेरीज जुळली नाही, तर कोठेतरी पाहावयास हवे एवढेच कळते, कोणी अफरातफर केली असे ठरत नाही. या चाचण्यांचे तसेच आहे. कमी गुण म्हणजे पुढील तपासणीची सूचना, निदान नव्हे. पुरेसे गुण म्हणजे सर्व ठीक, असेही नव्हे. नसरुद्दीन यांच्या मूळ अभ्यासात स्मरणशक्तीची सौम्य तक्रार असलेल्या शंभर रुग्णांपैकी नव्वद नव्या चाचणीने ओळखले गेले, तर जुनीने केवळ अठरा. हे आकडे नव्या चाचणीच्या बाजूचे खरे, परंतु सव्वीसची तीच मर्यादा सरसकट लावली, तर चांगल्या धडधाकट माणसांनाही ती आजारी ठरवते, असे पुढे अनेकांनी दाखवून दिले आहे.

याचा अनुभव आम्ही लवकरच घेतला. कृष्णाकाठच्या एका खेड्यातील, सत्तरी ओलांडलेल्या आजी सौम्य झटक्यानंतर आल्या होत्या. नव्या उत्साहाने आम्ही त्यांचीही चाचणी घेतली. गुण इतके कमी आले की त्यांची सून बाहेरच्या बाकावर बसून रडू लागली. आमच्या मानसशास्त्रज्ञ बाई मात्र आजींजवळ बसून राहिल्या. तेव्हा कळले ते असे की, आजींनी आयुष्यात कधी पेन्सिल हाती धरलेली नाही. घनाकृती पेटीचे चित्र पाहून तसेच काढा म्हटल्यावर त्यांना त्या चित्रात पेटी दिसतच नव्हती, नुसत्या रेघा दिसत होत्या. घरी चार म्हशी. कोणाच्या घरी किती दूध जाते, कोणाचे किती महिन्यांचे येणे आहे, कोणी कधी पाणी घातल्याचा आळ घेतला, हे सारे आजींनी तोंडपाठ सांगितले, आणि सुनेने ते खरे असल्याची साक्ष दिली. तो कागद आम्ही बाद केला. सुनेला मात्र त्या अर्ध्या तासाचा जो त्रास झाला, तो बाद करता आला नाही.

अशा रुग्णांसाठी आपल्याच देशात फार पूर्वी काम झालेले आहे. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील खेड्यांत भारत आणि अमेरिका यांच्या संयुक्त अभ्यासातून निरक्षर वृद्धांसाठी जुन्या चाचणीची हिंदी आवृत्ती तयार झाली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वाचून करण्याची कृती काढून पाहून करण्याची कृती घातली. त्याच अभ्यासातून रोजच्या कामांविषयी घरच्यांना विचारावयाच्या प्रश्नांची एक यादीही तयार झाली. माँट्रियलच्या चाचणीचीही अल्पशिक्षितांसाठी निराळी आवृत्ती आहे, आणि मूळ चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जो बोधनचाचण्यांचा संच तयार करविला, त्याच्या आरंभीच्या पाच भाषांत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. मराठी नव्हती. आपल्याकडे जतकडून आणि सीमेपलीकडून येणाऱ्या कन्नड भाषक रुग्णांची सोय त्यामुळे आमच्या मराठी रुग्णांआधी झाली, याची आमच्या कन्नड परिचारिकांनी बरीच थट्टा केली. थट्टा सोडली तरी मुद्दा खरा आहे. चाचणी रुग्णाच्या घरच्या बोलीत झाली पाहिजे. मुलगा मराठी बोलतो म्हणून आईची परीक्षा मराठीत घेणे अन्यायाचे आहे.

ज्यांची वाचाच गेली आहे, त्यांचे काय, असे मला एका विश्वस्तांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे, कारण बहुतेक चाचण्या बोलण्यावरच चालतात. मेंदूच्या उजव्या भागात इजा झाली की कित्येकांचे डाव्या बाजूचे भान सुटते. ताटातील उजवीकडची भाजी-पोळी संपवतात आणि डावीकडचा भात तसाच ठेवतात. घरचे समजतात की भात नकोसा झाला. ताट फिरवून ठेवले की तोच भात खातात. अशा रुग्णास कागदाच्या डावीकडील प्रश्न दिसतच नाहीत, मग त्याचे गुण कशाचे मोजावयाचे? यासाठी ऑक्सफर्ड येथे खास पक्षाघाताच्या रुग्णांकरिता एक चाचणी तयार झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती एकच बेरीज देत नाही. भाषा, लक्ष, स्मरण, अंकज्ञान अशा एकेका खात्याचा निरनिराळा निकाल देते, आणि बोटाने दाखवून उत्तर देण्याची मुभा ठेवते. मला ही पद्धत खतावणीसारखी वाटते, म्हणून ती विशेष आवडते. आपल्याकडे तिचा वापर अजून आमच्या बाई एकट्याच करतात.

वेळेविषयी एक सूचना. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत रुग्ण गुंगीत असतो, रात्री झोप नसते, क्वचित भ्रमही होतो. त्या वेळचा गुण हा त्या वेळेपुरताच. म्हणून आम्ही घरी सोडण्यापूर्वी एकदा आणि सुमारे तीन महिन्यांनी दुसऱ्यांदा चाचणी घेतो. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, आणि नैराश्यातही माणूस उत्तरे देत नाही. ब-बारा जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा दोष, ऐकू कमी येणे, यांनीही गुण खाली जातात. यांतल्या पुष्कळ गोष्टींवर उपाय आहे. कुटुंबीयांना माझी विनंती अशी की येताना रुग्णाचा चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी आणावी, रोज जवळ राहणाऱ्या व्यक्तीने सोबत यावे, आणि घरी प्रश्नोत्तरांचा सराव करून घेऊ नये. एका चिरंजीवांनी वडिलांकडून घड्याळाचे चित्र चाळीस वेळा काढून घेतले होते. वडिलांचे ते चित्र उत्तम आले, परंतु आम्हांस त्यातून काहीच कळले नाही.

आता एका नाजूक विषयाकडे वळते. माझ्या कार्यालयात गुणांचा कागद मागण्यासाठी येणाऱ्यांपैकी सर्वांचा हेतू उपचाराचाच असतो, असे मला म्हणता येत नाही. एकदा एकाच कुटुंबातील थोरले बंधू सोमवारी आले आणि वडील व्यवहार करण्यास असमर्थ आहेत, असे लिहून द्या म्हणाले. बुधवारी धाकटे आले. वडील पूर्ण शुद्धीवर असून त्यांना सर्व समजते, असे लिहून द्या, ही त्यांची मागणी. दोघांच्याही हातात त्याच चाचणीचा कागद होता. मी दोघांनाही ते लिहून दिले नाही, आणि दोघांचाही राग पत्करला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२ नुसार करार करण्याच्या वेळी माणसास तो समजतो काय आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल याचा त्यास विवेक करता येतो काय, हे पाहावयाचे असते. मृत्युपत्राबाबत १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम ५९ चा रोखही तसाच आहे. तीसपैकी एकवीस गुण मिळालेला माणूस आपले घर कोणास द्यावयाचे हे नीट जाणत असू शकतो, आणि अठ्ठावीस मिळालेला एखादा कोणाच्याही सांगण्यावरून सही करून मोकळा होऊ शकतो. आमची चाळणी या कामासाठी नाही. ज्यांना तसे मत हवे असेल, त्यांनी त्या विशिष्ट व्यवहारापुरती तज्ज्ञांकडून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. उताणे पडलेल्या रुग्णाचा अंगठा खाटेवरच उमटवून घेण्याचे प्रकार वॉर्डात चालू दिले जाणार नाहीत, हे मी येथे जाहीरपणे सांगते.

दिवाणजींच्या प्रसंगानंतर डिस्चार्ज कार्डाचा नमुना आम्ही बदलला. 'प्रकृती समाधानकारक' या शेऱ्याखाली आता आणखी एक ओळ आहे: औषधे कोण देणार? तेथे नाव लिहिल्याशिवाय आणि त्या व्यक्तीस औषधे समजावून दिल्याशिवाय कार्डावर सही होत नाही. ज्यांच्या चाचणीत आखणीचे प्रश्न चुकले आहेत, त्यांना एकाआड एक घ्यावयाची गोळी शक्यतो दिली जात नाही. रोज सारखीच मात्रा बसवता येते का, हे डॉक्टर आधी पाहतात. आठवड्याच्या खणांची प्लास्टिकची डबी आम्ही औषधालयात खरेदीच्या किमतीस ठेवली आहे. दिवाणजींची डबी काकू दर रविवारी भरतात. महिन्याकाठी ते रक्त तपासून घेण्यास येतात आणि बिल अजूनही स्वतःच वाचतात.

या कामाच्या खर्चाविषयी देणगीदारांशी मोकळेपणाने बोलले पाहिजे. यंत्राची देणगी मिळवणे त्या मानाने सोपे असते. यंत्र दाखवता येते, त्याचे उद्घाटन होते, भिंतीवर नावाची पाटी लागते. मानसशास्त्रज्ञ बाईंच्या पगारावर पाटी कोठे लावणार? शिवाय या कामाला आमच्या दरपत्रकात शीर्षकच नव्हते. पहिल्या वर्षी लेखापरीक्षकांनी हा खर्च कोणत्या खात्याचा, असे विचारले, तेव्हा मी तो किरकोळ खर्चात दाखवला होता. त्याची मला आजही लाज वाटते. जुन्या चाचणीचे हक्क आता एका अमेरिकी प्रकाशन संस्थेकडे असल्यामुळे तिच्या प्रती विकत घ्याव्या लागतात, आणि माँट्रियलच्या चाचणीसाठी परीक्षकास प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते, त्यालाही शुल्क आहे. ही रक्कम फार मोठी नाही. खरा खर्च वेळेचा आहे. चाचणी दहा-पंधरा मिनिटांची असते, परंतु रुग्णास स्थिर बसवणे, घरच्यांशी बोलणे आणि निकाल समजावणे धरून तास जातो. विश्वस्त मंडळाने पक्षाघाताच्या कोणत्याही रुग्णाकडून या तासाचे पैसे घेऊ नयेत, असा ठराव केला आहे. निर्धन रुग्ण निधीतून ज्यांचे उपचार होतात, त्यांना आणि खासगी खोलीतील रुग्णांना एकच रांग आहे, आणि ती तशीच राहावी, ही माझी अध्यक्ष महोदयांस विनंती आहे.

यंदा आम्हांस दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाची अर्ध्या वेळेची जागा भरावयाची आहे. उमेदवारास मराठीबरोबर कन्नड बोलता यावे, अशी अट घातली आहे. चाचणीची खोली सध्या पहिल्या मजल्यावर लिफ्टशेजारी आहे. लिफ्टच्या घंटेने रुग्णाचे लक्ष दर दोन मिनिटांनी उडते, आणि मग चुकले ते रुग्णाचे की लिफ्टचे, हे कळत नाही. तळमजल्यावर जुन्या अभिलेख कक्षाची जागा रिकामी होत आहे. तेथे दार, पडदे, चांगला प्रकाश आणि हात टेकता येतील अशा दोन खुर्च्या, एवढी व्यवस्था करावयाची आहे. दोन्हींचे अंदाजपत्रक माझ्या कार्यालयात आहे आणि कामकाजाच्या कोणत्याही दिवशी ते आपणांस पाहावयास मिळेल. तीन महिन्यांच्या फेरचाचणीसाठी ज्या कुटुंबांना पत्रे गेली आहेत, त्यांनी मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी दहानंतर यावे. पत्र हरवले असल्यास केसपेपरचा क्रमांक पुरेसा आहे.